वेग वाढवला आणि टाकी दूर गेली: कक्षेतल्या पाठलागाचं एक प्रकरण

कर्बल स्पेस प्रोग्रॅम या संगणकावरच्या गेममध्ये रॉकेट उडवून कक्षेत नेणं जमलं की बहुतेक नवे खेळाडू चंद्राकडे वळतात. माझ्या भाचीने आधी डॉकिंग शिकायचं ठरवलं. दोन जहाजं कक्षेत एकमेकांना जोडणं हे चंद्रावर जाण्यापेक्षा अवघड आहे असं मला वाटतं, आणि शिकवतंही जास्त. तिचा हा प्रयत्न जिथे अडला ती जागा मी जवळून पाहिली. तिथे जे घडलं ते जवळजवळ प्रत्येक नवशिक्याच्या बाबतीत घडतं, म्हणून ते आकड्यांसकट लिहून ठेवते आहे.

मूळ परिस्थिती साधी होती. कर्बिन हा या गेममधला पृथ्वीसारखा ग्रह. त्रिज्या फक्त 600 किलोमीटर, पण पृष्ठभागावरचं गुरुत्वाकर्षण आपल्याइतकंच. वातावरण 70 किलोमीटरवर संपतं. त्याच्या वर हवेचा अडथळा अजिबात नाही. 100 किलोमीटर उंचीवरच्या वर्तुळाकार कक्षेत तिने आधीच इंधनाची एक टाकी ठेवली होती. या उंचीवर वेग 2246 मीटर प्रति सेकंद असतो आणि एक फेरी 1958 सेकंदांत, म्हणजे साडेबत्तीस मिनिटांहून थोड्या जास्त वेळात पूर्ण होते. दुसरं जहाज तिने त्याच प्रतलात, त्याच उंचीवर आणि त्याच वेगाने आणून ठेवलं. टाकी बरोबर पुढे, 30 किलोमीटरवर. जहाजात उरलेल्या इंधनाची ऐपत 200 मी/से वेगबदलाची, म्हणजे खेळाडूंच्या भाषेत 200 डेल्टा-व्ही. शेवटच्या बारीक हालचालींसाठी आरसीएसचं, म्हणजे जहाजाला हळूच ढकलणाऱ्या छोट्या झोतांचं, इंधन वेगळं होतं.

इथवर तिचं काम उत्तम होतं. त्याच कक्षेत 30 किलोमीटर मागे येऊन थांबणं नवशिक्याला सहज जमत नाही.

पहिला धक्का

तिने टाकीला लक्ष्य म्हणून निवडलं, नॅव्हबॉलवरच्या, म्हणजे पडद्यावरच्या दिशादर्शक गोलावरच्या, टाकीची दिशा दाखवणाऱ्या गुलाबी खुणेकडे जहाजाचं नाक वळवलं आणि इंजिन चालू केलं. 30 मी/से वेग वाढल्यावर बंद केलं. हिशेब तोंडी होता: 30 किलोमीटर अंतर, सेकंदाला 30 मीटर, म्हणजे हजार सेकंदांत पोहोचू.

पुढची साडेतीन मिनिटं पडद्यावरचा आकडा तिच्या बाजूने बोलत होता. 30 किलोमीटरचे 29 झाले, 28 झाले, हळूहळू 26 च्या जवळ आले. मग आकडा रेंगाळला आणि वाढायला लागला. साडेसहा मिनिटांनी तो 33 वर होता.

"मावशी, टाकीचा वेग वाढला का गं?"

टाकीला इंजिनच नव्हतं. पण प्रश्न चांगला होता, कारण पडद्यावर तसंच दिसत होतं. अर्धी फेरी झाली तेव्हा अंतर 130 किलोमीटर होतं आणि जहाज टाकीपेक्षा 38 किलोमीटर उंच गेलं होतं. त्या क्षणी मी तिला नॅव्हबॉलवरचा कक्षेतला वेग वाचायला सांगितला. तो होता 2157. इंजिन लावून वेग वाढवलेलं जहाज आता टाकीपेक्षा सेकंदाला जवळजवळ 90 मीटर हळू चाललं होतं.

माझ्या मते या सगळ्या प्रकरणात सर्वांत जास्त लक्ष द्यायची जागा पहिल्या साडेतीन मिनिटांची आहे. आकडा पहिल्या क्षणापासून वाढत गेला असता तर ती लगेच थांबली असती आणि विचारात पडली असती. पण आकडा आधी कमी झाला. रस्त्यावर चालण्या-पळण्यातून घट्ट बसलेली समजूत, की ज्याला गाठायचं त्याच्याकडे वेगाने जायचं, त्या साडेतीन मिनिटांत खरी ठरल्यासारखी वाटली. त्यामुळे नंतर अंतर वाढायला लागलं तेव्हा तिने पद्धतीवर शंका घेतली नाही, धक्का कमी पडला असं ठरवलं.

दुसरा धक्का

तिने टाइम वॉर्प लावून, म्हणजे गेममधला वेळ भराभर पुढे पळवून, फेरी पूर्ण होऊ दिली. जहाज पुन्हा 100 किलोमीटर उंचीवर, जिथे इंजिन लावलं होतं त्याच बिंदूवर आलं. टाकी आता 212 किलोमीटर पुढे. तिने पुन्हा नाक टाकीकडे वळवलं आणि आणखी 20 मी/से वेग वाढवला. पुन्हा काही मिनिटं आकडा उतरला, पुन्हा चढला. त्यानंतरच्या फेरीअखेर अंतर 515 किलोमीटर होतं. (पडद्यावरचं अंतर सरळ रेषेतलं असतं, कक्षेच्या वळणावरून मोजलं तर 528.) कक्षेचा सर्वांत उंच बिंदू, म्हणजे अ‍ॅपोअ‍ॅप्सिस, 166 किलोमीटरवर गेला होता. 50 डेल्टा-व्ही खर्च झालं होतं आणि 30 किलोमीटरचा पाठलाग पाचशेवर गेला होता.

तिला जुना सेव्ह उघडायचा होता. मी थांबवलं. डॉकिंग शिकताना मागे जाण्याची सोय फार लवकर वापरली की खेळाडू फक्त "हे करू नये" इतकंच शिकतो; असं का होतं आणि त्यातून बाहेर कसं पडायचं हे राहून जातं. शिवाय जहाजात 150 डेल्टा-व्ही शिल्लक होतं. एवढं पुरणार होतं की नाही, हे मांडून पाहण्यासारखं होतं.

कारण

वर्तुळाकार कक्षेत पुढच्या दिशेने, म्हणजे प्रोग्रेड, वेग वाढवला की जहाज आहे त्या वाटेवर जास्त वेगाने धावत नाही. त्याची वाटच बदलते. कक्षेची पलीकडची बाजू उंचावते, कक्षा लंबवर्तुळाकार होते आणि जहाज वर चढताना वेग गमावत जातं. नवी वाट लांब असते आणि तिच्यावरचा बराचसा प्रवास जुन्या वेगापेक्षा हळू होतो. दोन्ही गोष्टी एकाच बाजूला ओढतात: फेरीला जास्त वेळ लागतो.

किती जास्त, ते इथे नेमकं काढता येतं. 30 मी/से च्या धक्क्याने अ‍ॅपोअ‍ॅप्सिस 138.6 किलोमीटरवर गेला आणि फेरी 1958 वरून 2040 सेकंदांवर. 82 सेकंद उशीर. टाकी या 82 सेकंदांत 2246 मी/से ने चालतच असते, म्हणजे 183 किलोमीटर पुढे जाते. मुळातले 30 मिळवले की 213. पडद्यावर सरळ रेषेत 212 दिसले ते हेच. दुसऱ्या धक्क्यानंतर फेरी 2098 सेकंदांची झाली. 140 सेकंद उशीर, आणखी 314 किलोमीटर.

केपलरचा तिसरा नियम शाळेत ग्रहांसाठी शिकवतात. सूर्यापासून जितका दूर, तितकं वर्ष मोठं. त्या नियमाला तारखा आणि अंतरं लिहिण्यापलीकडे काही उपयोग आहे हे माझ्या भाचीला कधी जाणवलं नव्हतं, आणि त्यात तिचा दोष नाही. इथे तोच नियम 140 सेकंदांच्या रूपाने पडद्यावर आला.

यातून एक ढोबळ नियम निघतो, तो मी तिला वहीत लिहायला लावला. छोट्या धक्क्यासाठी एका फेरीत पडणारा फरक = 3 × वेगातला बदल × फेरीचा काळ. कर्बिनच्या 100 किलोमीटर कक्षेत तीन गुणिले 1958 म्हणजे जवळजवळ 5900 मीटर. प्रत्येक 1 मी/से साठी फेरीमागे सुमारे 6 किलोमीटर. वेग वाढवला तर 6 किलोमीटर मागे पडायचं, कमी केला तर 6 किलोमीटर पुढे सरकायचं. धक्का मोठा होत गेला की खरा आकडा थोडा वेगळा येतो, 30 मी/से ला 176 ऐवजी 183, पण दिशा आणि अंदाज दोन्ही पक्के राहतात. पृथ्वीभोवती 400 किलोमीटरवरच्या कक्षेत फेरी साधारण 92 मिनिटांची, म्हणून तिथे 1 मी/से ला फेरीमागे साडेसोळा किलोमीटरच्या आसपास फरक पडतो.

हा नियम सुरुवातीच्या परिस्थितीला लावून पाहा. टाकी 30 किलोमीटर पुढे. भागिले 6. उत्तर 5 मी/से, आणि तेही उलट्या दिशेने, रेट्रोग्रेड. टाकीकडे पाठ करून इंजिन जरासं लावायचं, कक्षेची दुसरी बाजू 93 ते 94 किलोमीटरपर्यंत उतरू द्यायची, जहाज तेरा सेकंद लवकर फेरी पूर्ण करतं आणि टाकीच्या शेजारी येतं. तिथे 5 मी/से परत मिळवले की दोघांचा वेग सारखा. सगळा खर्च 10 डेल्टा-व्ही. तिने 50 खर्च केले होते.

हे पाहून ती बराच वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, "म्हणजे मी टाकीकडे बघायलाच नको होतं."

मला वाटतं तिने नेमकं बोट ठेवलं. दूरच्या लक्ष्याच्या बाबतीत ते कुठल्या दिशेला आहे हा प्रश्न जवळजवळ निरुपयोगी आहे. माझी फेरी किती सेकंदांची आणि त्याची किती, हा प्रश्न कामाचा. नॅव्हबॉल पहिल्या प्रश्नाचं उत्तर मोठ्या गुलाबी खुणेने देतो. दुसऱ्याचं उत्तर कक्षेच्या माहितीच्या पट्टीत शोधावं लागतं. नवशिका जे मोठं दिसतं त्यावर विसंबतो, यात नवल नाही.

प्रत्यक्ष अंतराळातही हेच झालं आहे. 3 जून 1965 ला अमेरिकेचं जेमिनी 4 हे यान कक्षेत गेलं तेव्हा जेम्स मॅकडिव्हिट यांनी आपल्याच टायटन रॉकेटच्या सुट्या झालेल्या टप्प्याजवळ जाण्याचा प्रयत्न केला. टप्प्याकडे नाक करून इंजिन लावलं, तो दूर जात राहिला, इंधन खर्ची पडलं आणि प्रयत्न सोडून द्यावा लागला. मॅकडिव्हिट कसलेले चाचणी वैमानिक होते. हवेतल्या पाठलागात बसलेला हात इथे उलटा पडला. त्याच वर्षी 15 डिसेंबरला वॉली शिरा यांनी जेमिनी 6ए हे यान जेमिनी 7 च्या अगदी जवळ, फूटभर अंतरापर्यंत नेलं. तिथे हिशेब कक्षेचा होता: खालच्या कक्षेतून मागून यायचं, हळूहळू गाठायचं, शेवटी वर चढायचं. बझ ऑल्ड्रिन यांनी 1963 मध्ये एमआयटीत याच विषयावर, कक्षेतल्या यानांच्या भेटीवर, डॉक्टरेट केली होती. भाचीला मी हे सांगितलं तेव्हा तिचा चेहरा खुलला. आपली चुकीची समजूत मॅकडिव्हिट यांच्यासारख्या अंतराळवीराच्या समजुतीशी जुळत होती, हे कळल्यावर पुढचं शिकणं सोपं गेलं.

सुटका

आता जहाज 100 ते 166 किलोमीटर उंचीच्या कक्षेत, पेरिअ‍ॅप्सिसवर, म्हणजे सर्वांत खालच्या बिंदूवर. टाकी वळणावरून 528 किलोमीटर पुढे. शिल्लक 150.

आधी चुकून मिळवलेला 50 मी/से वेग काढायचा, आणि त्यावर आणखी थोडा काढून टाकीपेक्षा लहान कक्षेत जायचं. किती लहान? इथे तिने पहिला अंदाज लावला: "सगळं एका फेरीत भरून काढू." 528 भागिले 6, म्हणजे 88 मी/से. तेवढा वेग काढला तर कक्षेची दुसरी बाजू 70 किलोमीटरच्या खाली, वातावरणात घुसते. पाठलाग तिथेच संपला असता. मी काही बोलायच्या आत तिने मॅन्युव्हर नोड, म्हणजे पुढच्या धक्क्याचा नकाशावरचा आगाऊ आराखडा, ओढून पाहिला आणि पेरिअ‍ॅप्सिसचा आकडा वातावरणात जाताना तिला स्वतःलाच दिसला. नोडचा हा खरा उपयोग. इंधन न खर्चता चुकीची उत्तरं तपासून टाकून देता येतात.

मग मर्यादा उलटीकडून मांडली. 75 किलोमीटरच्या खाली जायचं नाही असं धरलं तर एका फेरीत जास्तीत जास्त 117 किलोमीटर भरून निघतात. 528 साठी साडेचारहून जास्त फेऱ्या, म्हणजे पाच. पाच फेऱ्यांत 528, एका फेरीत 105 ते 106 किलोमीटर, टाकीच्या वेगाने भागलं की 47 सेकंद. फेरी 1958 ऐवजी 1911 सेकंदांची हवी. त्यासाठी कक्षेची खालची बाजू 77.5 किलोमीटरवर येते आणि वेगात 18.4 मी/से ची घट लागते. आधीचे 50 धरून एकूण 68.4, सगळं एकाच ठिकाणी, एकाच वेळी, रेट्रोग्रेड.

तिने नोड तसा लावला. इंजिन थोड्या आधी सुरू केलं, जेणेकरून चालू काळाचा मध्य नोडवर पडेल, आणि शेवटचे दोन मी/से थ्रॉटल अगदी कमी करून घेतले. या शेवटच्या भागावर मी आग्रह धरला होता. फेरीमागे 6 किलोमीटरचा नियम चुकीलाही लागू असतो, आणि पाच फेऱ्यांत ती पाचपट होते. 0.1 मी/से ची चूक शेवटी 3 किलोमीटरची.

गेममधल्या घड्याळाने पाच फेऱ्यांना दोन तास एकोणचाळीस मिनिटं लागली. टाइम वॉर्पमध्ये काही मिनिटं. प्रत्येक फेरीअखेर ती अंतर वाचत होती आणि आदल्या आकड्यातून साधारण 105 वजा होतात का ते पाहत होती. दुसऱ्या फेरीनंतर तिने वाचण्याआधीच आकडा सांगायला सुरुवात केली. मला त्या संध्याकाळी सगळ्यात जास्त आनंद याचा झाला.

पाचव्या फेरीच्या शेवटी टाकी 800 मीटरवर होती. नॅव्हबॉल टार्गेट मोडमध्ये घेतला. या मोडमध्ये दिसणारा वेग टाकीच्या तुलनेतला असतो, आणि तो 18 च्या थोडा वर होता, जसा असायला हवा. टार्गेट मोडमधल्या रेट्रोग्रेड खुणेकडे नाक करून तो शून्यावर आणला. दोन्ही जहाजं शेजारी शेजारी, एकाच कक्षेत.

इथून पुढे तिने जपून विचारलं, "आता टाकीकडे बघून चाललं तर चालेल?" चालतं, आणि का चालतं हे समजणं गरजेचं आहे. सरळ रेषेपासून जहाज किती भरकटतं हे अंतरावर कमी आणि वेळेवर जास्त अवलंबून असतं. प्रवास फेरीच्या मानाने अगदी थोडा वेळ चालणार असेल तर कक्षेला वाट वाकवायला सवड मिळत नाही. तिचा पहिला बेत हजार सेकंदांचा होता, फेरीच्या निम्म्याहून जास्त. तो फसणारच होता. 800 मीटर 8 मी/से ने शंभर सेकंदांत संपतात. तेवढ्यातही जहाज मूळ रेषेपासून अडीचशे मीटर सरकतं, कारण कर्बिन लहान आहे आणि फेऱ्या भराभर होतात. म्हणून प्रोग्रेडची खूण, म्हणजे जहाज टाकीच्या तुलनेत कुठे चाललंय ती दिशा, गुलाबी खुणेवर राहील असं आरसीएसने सतत ढकलत जायचं. तिने तसं केलं. दोनशे मीटरवर वेग 2 वर आणला, शेवटी 0.3 मी/से ने डॉकिंग पोर्ट टेकले आणि चुंबकाने ओढून घेतले.

हिशेब असा झाला: दोन चुकीच्या धक्क्यांना 50, सुटकेच्या धक्क्याला 68.4, वेग जुळवायला 18.4. एकूण 137 च्या आत. 63 शिल्लक. 100 किलोमीटरवरून पेरिअ‍ॅप्सिस 30 किलोमीटरपर्यंत उतरवून घरी यायला 60 लागतात. टाकीतून इंधन मिळालं नसतं तरी ती परत आली असती, जेमतेम.

या प्रकरणाच्या मर्यादा

नंतर मी तिला उलटा प्रश्न घातला: टाकी 60 किलोमीटर मागे असेल तर? तिने वही उघडली नाही. 10 मी/से प्रोग्रेड, दुसरी बाजू वर जाईल, एक फेरी थांबायचं, टाकी खालून येऊन गाठेल, मग 10 काढायचे. किती वर जाईल हे मात्र तिला सांगता आलं नाही. ते 112 ते 113 किलोमीटर येतं, आणि तो अंदाज हाताशी यायला आणखी सराव लागेल.

इथे एक गोष्ट तिच्या बाजूने होती, ती वगळून हे प्रकरण दुसऱ्या कुणी जसंच्या तसं वापरू नये. दोन्ही जहाजं विषुववृत्ताच्या एकाच प्रतलात होती. कक्षा एकमेकींना तिरक्या असतील तर फेरीचा काळ कितीही नीट जुळवला तरी जहाजं एकमेकांना कापून जोरात निघून जातात. आधी प्रतल जुळवावं लागतं, दोन्ही कक्षा जिथे एकमेकींना छेदतात तिथे, नॉर्मल किंवा अँटिनॉर्मल, म्हणजे प्रतलाला लंब दिशेने इंजिन लावून. आणि ते महाग असतं: या उंचीवर फक्त एका अंशाला 39 मी/से. तिचं जहाज एक अंशाने तिरकं असतं तर शेवटी 63 ऐवजी 24 उरले असते, आणि टाकीतलं इंधन न घेता परत येणं शक्य झालं नसतं.